हिरव्या कापडावरचा संसार

परवा रविवारी सकाळी मी चहाचा पहिला घोट घेऊन वर्तमानपत्र उघडतो आहे, तोच अंधेरीहून ताईचा फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. उभा जन्म तिने बँकेच्या खिडकीमागे काढला असल्यामुळे तिच्या बोलण्याला प्रस्तावना नसते. "आज दुपारपर्यंत ये," ती म्हणाली, "आणि त्याला काय सांगायचे ते गाडीतच ठरवून ये."

तो म्हणजे माझा भाचा. बी. कॉम. झाल्यापासून एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत तो जात होता. ती नोकरी आपण महिन्यापूर्वीच सोडली असून यापुढे पूल खेळून पोट भरणार आहोत, असे त्याने आदल्या रात्री ताटावर बसून जाहीर केले होते. ताईने प्रथम पूल म्हणजे नदीवरचा पूल समजला आणि पोराला कोठे सरकारी बांधकामात हिशेबाची जागा मिळाली की काय, अशा कल्पनेने क्षणभर तिला आनंदही झाला. पुढे खुलासा झाल्यावर तिच्या घशाखाली भात उतरला नाही. शिवाय चिरंजीवांची मागणी होती. जुन्या नागरदास रस्त्याच्या बाजूला कोणी गृहस्थ आपली दोन वापरलेली पूलची टेबले विकणार होता. त्यांत अर्धी भागी घेण्यासाठी आईने आपल्या ठेवीतून तीन लाख रुपये द्यावेत, असे त्याचे म्हणणे होते.

प्राध्यापकाला घरातली माणसे एरवी कशात विचारीत नाहीत. परंतु एखाद्या मुलाला एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करावयाचे असले, म्हणजे मात्र त्याची आठवण निघते. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल आणि तेथून अंधेरीपर्यंत मेट्रो, एवढा वेळ मला भाषण जुळवावयास मिळाला, आणि खरे सांगावयाचे तर ते फार सुंदर जुळले.

या खेळाविरुद्ध बोलणे सोपे आहे. कारण बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल ही तिन्ही भावंडे प्रथमपासूनच बदनाम आहेत. आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले त्या हर्बर्ट स्पेन्सरच्या नावावर एक वचन खपते: बिलियर्ड्समधील अतिप्रावीण्य हे तारुण्य वाया गेल्याचे लक्षण होय. ते वचन मूळचे स्पेन्सरचे नाही, आणि तो स्वतः क्लबात जाऊन आवडीने हा खेळ खेळत असे, हे मला ठाऊक होते. पण उपदेशाच्या वेळी असला तपशील मनुष्य सोयीस्करपणे विसरतो. शेक्सपिअरची क्लिओपात्रा अँटनीच्या विरहात वेळ जाईना म्हणून दासीला बिलियर्ड्स खेळू या म्हणते. त्या काळी मिसर देशात हा खेळ नव्हता हे सोडाच. दासी हात दुखतो म्हणून नकार देते, एवढेच काय ते त्या प्रसंगातले शहाणपण, असे मी वर्गात सांगत आलो आहे. त्यातून अमेरिकन चित्रपटांनी पूल खेळणारा म्हटला की धुराने भरलेले तळघर, पैजा आणि मोडलेली बोटे असे चित्र जगभर पोहोचवले. १९६१ सालचा 'द हस्लर' मी विद्यार्थिदशेत पाहिला, तेव्हा मला पॉल न्यूमन आवडला होता; भाच्याने मात्र त्याच्यासारखे होऊ नये, असे मला त्या मेट्रोत अगदी मनापासून वाटत होते.

कायद्याचेही मी एक टोक हाताशी धरले होते. मुंबई इलाख्याचा जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. पण त्याच कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, हे आठवल्यावर ते टोक मी हळूच सोडून दिले.

वास्तविक टेबलावरच्या खेळाचे आमच्या घराला वावडे कधीच नव्हते. आमचे बालपण घाटकोपरच्या भटवाडीतील एका चाळीत गेले, आणि तेथे गॅलरीच्या टोकाला, उलट्या डब्यावर ठेवलेला कॅरम बोर्ड हे आमचे जिमखाना, क्लब आणि विद्यापीठ होते. वरून लोंबकळणारा दिवा, बोरिक पावडरीचा पांढरा धुरळा, आणि राणी घेऊन तिच्यामागे सोंगटी घालताना सगळ्या चाळीचा थांबलेला श्वास! तिसऱ्या मजल्यावर एक दादा राहत असत. त्यांचे बोट असे की, सोंगटीला आपण कोठे जावयाचे हे आधीच कळवलेले असावे. त्या दादांना पुढे कॅरमच्या जोरावर एका मोठ्या कंपनीत कारकुनी मिळाली. कंपनीच्या संघाकडून ते स्पर्धांत खेळत, आणि उरलेले अकरा महिने आवक-जावकीच्या वहीत सह्या घेत. त्यांचे लग्न त्या नोकरीवर ठरले, डोंबिवलीची खोली त्या नोकरीवर झाली. मुंबईत आजही हीच रीत आहे. कॅरमचा जगज्जेता झालेला प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेत नोकरीला असतो, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नाही. खेळ हा आपल्याकडे पोटाचा धंदा नव्हता. तो नोकरीच्या दाराची किल्ली होता, आणि दार उघडल्यावर किल्ली खिळ्याला अडकवून ठेवावयाची असे.

आपली भाषासुद्धा या बाबतीत मोठी बोलकी आहे. नाटकाच्या संबंधात आपण दोन शब्द घडवले, हौशी आणि धंदेवाईक. हौशी म्हणजे संभावित घरातला, संध्याकाळी तोंडाला रंग लावून सकाळी कचेरीत जाणारा. धंदेवाईक म्हणजे ज्याला मुलगी देताना लोक दोनदा विचार करीत. बालगंधर्वांवर जीव ओवाळणारी घरेदेखील आपला मुलगा नाटक मंडळीत पळून गेला की सुतकी चेहऱ्याने बसत. 'धंदेवाईक' या शब्दातील तो डंख अद्याप पुरता गेलेला नाही. भाच्याने नुसते 'मी पूल खेळतो' म्हटले असते तर ताईने मैत्रिणींत कौतुक केले असते. 'पोट भरणार' हे दोन शब्द तिला लागले.

आणि तरी हा खेळ परका म्हणावा तर तसेही नाही. स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत, पावसाळ्याच्या कंटाळ्यातून नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने काढला असे सांगतात. (पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे.) त्याचे नियम उटकमंडच्या क्लबात भिंतीवर लागले. क्रिकेट साहेबाने तिकडून आणले. स्नूकर मात्र त्याने येथून तिकडे नेले. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातले पहिले वैयक्तिक जगज्जेतेपद मिळाले तेही या हिरव्या कापडावरच. १९५८ साली कलकत्त्यात विल्सन जोन्स हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. हा जोन्स पुण्यात जन्मलेला. मुंबईत राहिला आणि २००३ साली मुंबईतच वारला. माझ्या वर्गात साठ मुले असतात. जोन्सचे नाव मी एकदा विचारले होते, तेव्हा एकाने हा कवी कोणत्या शतकातला, असे मलाच विचारले.

मुंबईच्या मायकेल फरेराची हकिकत तर या उपेक्षेचीच आहे. १९७७ साली तो जगज्जेता झाला, १९८१ साली पुन्हा झाला, आणि त्या साली देऊ केलेली पद्मश्री त्याने नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळाले होते. जगज्जेत्याला त्याहून उणे का, असा त्याचा रोकडा सवाल होता. गावसकरांवर आमची भक्ती असल्यामुळे मला लहानपणी हा मनुष्य अहंकारी वाटला होता. १९८३ साली त्याने तिसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळवले, आणि त्याच साली त्याला पद्मभूषण मिळाले. आता वाटते, त्याने मानाची नव्हे, आपल्या धंद्याच्या भावाची घासाघीस केली होती, आणि ती करणे त्याला भागच होते.

असो. भाषण पाठ झाले होते. ताईच्या घरी मात्र भाचा नव्हता. "तो तिकडेच आहे," ताई म्हणाली. 'तिकडे' हा शब्द तिने अशा सुरात उच्चारला की मी चपला पुन्हा पायांत घातल्या.

स्टेशनपासून पाच मिनिटांवर, खाली झेरॉक्सची आणि मोबाइल दुरुस्तीची दुकाने असलेल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ती जागा होती. तळघर नव्हते, धूर नव्हता. दारावरच धूम्रपानास मनाई केल्याची पाटी होती. आत पूलची चार टेबले आणि एक भले मोठे, बारा फुटी स्नूकरचे टेबल. प्रत्येकावर खाली ओढलेला दिवा, आणि बाकीची खोली काळोखी. महाविद्यालयातली दोन मुली आणि एक मुलगा हसत खेळत होते. रेल्वेच्या गणवेशातील एक गृहस्थ एकटेच खडू घासत उभे होते. कोपऱ्यातल्या टेबलावर माझा भाचा ओणवा झाला होता, आणि त्याच्यासमोर सत्तरीच्या आसपासचा, पांढरा सदरा पँटमध्ये नीट खोचलेला एक म्हातारा क्यू टेकून उभा होता.

मी बाकावर बसलो. भाच्याने मला पाहिले, मान हलवली, आणि पुन्हा वाकला. माझ्या येण्याने त्याच्या हातात काही फरक पडला नाही, हे मला जरा लागले.

अर्धा तास मी तो खेळ पाहिला, आणि मला कॅरममध्ये आणि यात असलेला फरक प्रथमच कळला. कॅरमचा स्ट्रायकर दर खेपेस परत हातात येतो. तुम्ही तो आपल्या रेघेवर मनाजोगता मांडता आणि नव्याने नेम धरता. पूलमध्ये पांढरा चेंडू जेथे थांबला तेथूनच पुढचा डाव. मागचा फटका कितीही देखणा असो, तो तुम्हाला भिंतीशी नेऊन उभा करील, तर पुढचे सगळे त्या भिंतीशीच. म्हाताऱ्याचे फटके अगदी साधे दिसत. पण त्याचा पांढरा चेंडू जणू पाळलेला असल्याप्रमाणे दर खेपेस मोकळ्या जागी येऊन उभा राही. भाच्याने दोन अवघड चेंडू असे घातले की रेल्वेचे गृहस्थ 'वाहवा' म्हणाले. आणि दोन्ही वेळा त्याचा पांढरा चेंडू दुसऱ्यांच्या गर्दीत जाऊन फसला. तो सात डावांपैकी पाच हरला.

हरल्यावर त्याने गल्ल्यावर जाऊन टेबलाचे भाडे भरले. अशा जागांचा हा सर्वत्र नियम आहे: हरेल त्याने टेबल भरावयाचे. मग खिशातून एक छोटी वही काढून त्याने त्यात काहीतरी लिहिले आणि "मामा, आलोच," म्हणून तो त्या मुलींना क्यू कसा धरावा ते दाखवावयास गेला.

म्हातारा माझ्याशेजारी येऊन बसला. सगळे त्याला काका म्हणत होते. मी ओळख दिली, तेव्हा त्याने आधी हात पुसले. तो संगमेश्वराकडचा. सतराव्या वर्षी दक्षिण मुंबईतल्या एका जिमखान्यात बिलियर्ड्सच्या खोलीत मार्कर म्हणून लागला, आणि चाळीस वर्षे तेथे त्याने सभासदांचे गुण मांडले. सकाळी टेबलाचे कापड एका दिशेने घासावयाचे, जड इस्त्री फिरवावयाची, क्यूच्या टोकाला कातडे चिकटवून कानशीने गोल करावयाचे, आणि एखाद्या सभासदाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळावयाचे.

"जिंकायचे नाही का?" मी विचारले.

"तसं कोणी सांगत नसे, सर," तो म्हणाला. "पण साहेब खूश होऊन गेला तर दुसऱ्या दिवशी परत येतो. पोटासाठी खेळायचं म्हणजे कधी कधी थोडं कमी खेळायला लागतं."

त्या जिमखान्याच्या स्पर्धा सभासदांच्या असत; मार्कर त्यांत बसत नसे. आपण ज्यांना खेळवले त्यांची नावे भिंतीवरच्या फळीवर सोनेरी अक्षरांत लागताना त्याने पाहिली होती. मी काही सहानुभूतीचे बोललो असेन. त्याने ते बाजूला सारले. "पगार होता, सर. गावी घर बांधलं. दोन पोरी शिकल्या. तुमच्या भाच्याला पगार नाही, एवढाच फरक."

मी त्याला सरळच विचारले: पोराचा हात कसा आहे?

"हात चांगला आहे. घाई आहे. घालणं कोणालाही येतं. पुढे कुठं उभं राहायचं ते त्याला अजून दोन वर्षांनी कळेल." मग जरा थांबून तो म्हणाला, "मी हात बघत नाही, सर. हरल्यावर टेबलाचे पैसे भरताना तोंड बघतो. बरीच पोरं त्या वेळी 'अजून एक डाव' म्हणतात. ती धंद्याला निकामी. हा वही काढतो."

त्या टेबलांचाही विषय मी काढला. त्याने ती पाहिली होती. खालची पाटीची फरशी शाबूत आहे, गाद्यांचे रबर मात्र बदलावे लागेल. पहिल्या मजल्यावर ओल कमी, पण मुंबईचा पाऊस तो पाऊस. जून ते सप्टेंबर कापड दमट होते, चेंडू जड चालतो, आणि गिऱ्हाईकही कमी होते. "भाव तीन लाखांचा नाही," तो म्हणाला. "मी बोलू का त्यांच्याशी?"

भाचा मोकळा झाल्यावर आम्ही खाली उतरून चहा घेतला. भाषणाला आरंभ करण्यापूर्वी मी वही मागितली. त्याने ती लगेच पुढे केली. बी. कॉम. अगदीच वाया गेले नव्हते. गेल्या वर्षभरात तो लहानमोठ्या अकरा स्पर्धांत खेळला होता. बक्षिसे मिळून बासष्ट हजार रुपये, आणि प्रवेशशुल्क, प्रवास, राहणे मिळून अठ्ठावन्न हजार खर्च. म्हणजे निव्वळ खेळून वर्षाला चार हजार! मला माझे भाषण आयतेच हाती आल्यासारखे वाटले. पण खालच्या पानावर दुसरा हिशेब होता: मुलांना शिकवणे, संध्याकाळी जागेची देखरेख, क्यूची कातडी बदलणे. यांचे महिन्याला सरासरी चौदा हजार.

"म्हणजे तू खेळून नाही, शिकवून जगणार," मी जरा विजयाने म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "सगळे तसेच जगतात, मामा. यासीन मर्चंट आशियाचे विजेते होते, तेही शिकवतात. गीत सेठींनी एम. बी. ए. केलं. पंकज अडवाणींना तेलकंपनीची नोकरी आहे. इथला आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या मोठ्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला. तसे किती निघतात? शेफील्डच्या विजेत्याला पाच लाख पौंड मिळतात ते मला माहीत आहे. पण ते मिळवायला मी घराबाहेर पडलेलो नाही. मला दिवसातले आठ तास टेबलाजवळ राहायचंय. त्यासाठी बाकीचं."

पूर्वी कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी मल्ल असत. आता तेलकंपन्यांच्या पदरी खेळाडू असतात, आणि ज्याला पदर मिळाला नाही तो तालीम चालवतो, अशा अर्थाचे एक वाक्य मला सुचले. ते मी उच्चारले नाही; कारण त्याच क्षणी मला दुसरेच काही आठवले होते. मी एम. ए.ला इंग्रजी घेतले तेव्हा टपालखात्यात कारकून असलेल्या माझ्या वडिलांनी असेच विचारले होते: कविता वाचून पोट भरते का? मी मोठ्या तोऱ्याने 'भरते' म्हणालो होतो. तीस वर्षांत माझी समीक्षेची दोन पुस्तके निघाली. गेल्या सालचे मानधन तीनशे चाळीस रुपये आले. बाकी सगळा संसार मी कविता शिकवून केला आहे, आणि तीही बहुतेक परीक्षेपुरती. भाच्याच्या वहीतल्या दोन पानांसारखीच माझीही दोन पाने होती. मी फक्त पहिले पान कधी कोणाला दाखवले नव्हते.

संध्याकाळी आम्ही दोघे ताईकडे परतलो. तिने माझ्या चेहऱ्यावरून भाषण झाले नाही हे ओळखले. "तूही त्याच्यात सामील झालास की काय?" असे म्हणून तिने पोह्यांच्या बशा जरा आपटूनच ठेवल्या. मी काका मार्कर, रबर, पावसाळा, भाव असे काहीबाही सांगू लागलो. तीन लाख देऊ नकोस, निम्मे दे, आणि तेही उसने म्हणून कागद करून दे. त्याने तपासनिसाच्या कचेरीत नाही तरी कोठे तरी सकाळी चार तास हिशेब लिहावेत. दोन वर्षांनी पुन्हा बसू. हे मी म्हणालो खरे. पण ते मलाच पटत होते की दोन्ही बाजूंना बरे वाटावे म्हणून मी बोलत होतो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. दोन वर्षांनी त्याचे वय सव्वीस होईल, आणि ताईचे चौसष्ट.

ताईने उत्तर दिले नाही. तिने चष्मा लावला, वही पुढे ओढली आणि पेन्सिल घेऊन ती पहिल्या पानापासून टिंबे देत खाली येऊ लागली. छत्तीस वर्षे तिने लोकांच्या बेरजा याच हाताने तपासल्या होत्या. भाचा माझ्याकडे पाहत होता, मी पोह्यांकडे.

"सप्टेंबरात दोनशे रुपये जास्त धरलेस," ती म्हणाली. "हे भाडे दोनदा लिहिले आहे."

"दोनदा हरलो होतो," तो म्हणाला.

ताईने पेन्सिल खाली ठेवली. "उद्या मी येते बघायला. तिकडे बायकांना बसायला जागा आहे का?"

"बाक आहे," तो म्हणाला. "पण जरा हलतो."